पायांतला ठोका

५ ऑक्टोबर
पोचले एकदाची हेल्मी लँडिंगला. डुलुथहून निघालो तेव्हा लेम्पीने गाडीत माझ्या सामानापेक्षा खाण्याचंच सामान जास्त भरलं होतं. चार तासांच्या रस्त्याला साडेसहा तास लागले, कारण दर पेट्रोल पंपावर मला उतरवायचं, उभं करायचं, पुन्हा बसवायचं. लेम्पी माझी बहीण, माझ्याहून चार वर्षांनी धाकटी, म्हणजे चौसष्टची, पण तोंड अजून सोळा वर्षांच्या पोरीसारखं चालतं. घरात शिरताच म्हणाली, "सायमा, आधीच सांगून ठेवते. तू पडलीस तर मी उचलणार नाही. शेजारी बसून कॉफी पिईन."

लेम्पीचं घर छान आहे. पांढरं, लाकडी, बुटकं. मला खालची खोली दिलीय. माझे पाय अडकतात म्हणून तिने सगळे गालिचे गुंडाळून माळ्यावर टाकले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून सरोवर दिसतं, आणि काठाने मैलभर पसरलेली काळी रेव. तांब्याचा दगड कुटायची गिरणी होती तिथे, तिचाच हा चुरा. गिरणी आमच्या जन्माआधीच बंद पडली.

संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात पाय चिकटले. उंबरा नाही, काही नाही, नुसतं दार. पाय जमिनीत खिळल्यासारखे. लेम्पी मागे ट्रे घेऊन उभी. पाच मिनिटांनी म्हणाली, "राणीसरकारांची स्वारी निघाली की सांगा, मी तोवर पाव परत भाजते." मी पोटभर हसले. चेहऱ्यावर काही उमटलं नसणार, हल्ली उमटत नाही. या कंपवाताने चेहऱ्याचं लाकूड केलंय. लेम्पीने वाकून माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि म्हणाली, "हसलीस. दिसलं मला."

सहा वर्षांत एवढी हलकी मी झाले नव्हते.

९ ऑक्टोबर
आज इथल्या दवाखान्यात गेलो. फिजिओथेरपिस्ट मुलगी मोठी गोड आहे, कोरीन ब्लूटो नाव. रोजनिशी लिहिता का, असं तिने विचारलं. लिहिते म्हटल्यावर खूश झाली. किती पावलं, किती वेळा पाय अडकले, सगळं लिहायला सांगितलंय.

तिने समजावलं ते असं. धडधाकट माणूस चालतो तेव्हा त्याच्या मेंदूत आतल्या आत एक ताल चालू असतो. आपला तो ताल तुटलाय. पाय शाबूत आहेत, त्यांना 'आता उचल' असं सांगणारं कुणी नाही. मग सांगणारं बाहेरून आणायचं. तिने आगपेटीएवढी एक डबी माझ्या कमरपट्ट्याला अडकवली. टिक, टिक, टिक. मिनिटाला ब्याण्णव. प्रत्येक टिकटिकीला एक पाऊल टाका म्हणाली.

आणि मी चालले! दवाखान्याच्या त्या लांब बोळातून, दोन दारांतून, टोकाला जाऊन वळूनसुद्धा आले. पावलं लांब पडत होती, हातसुद्धा हलत होते. लेम्पी बाकावर बसून रडत होती, आणि कोरीनने बघितल्यावर सर्दी झालीय म्हणाली.

२२ ऑक्टोबर
दर बुधवारी चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये आमचा चालण्याचा वर्ग असतो. चौघंच आहोत. त्यांत रेइनो केतोला म्हणून एक ब्याऐंशी वर्षांचे गृहस्थ. आयुष्यभर मासेमारी केली, हात अजून फावड्याएवढे. कोरीन त्यांना सारखी सांगते, रेइनो, डबीच्या तालावर या, तुम्ही मागे पडताय. ते मान हलवतात आणि आपल्याच चालीने चालतात. संथ, जड, पण एकदाही न अडकता.

माझी आजची पावलं एक हजार दोनशे. अडकणं एकदाच, तेही कोट घालताना.

२ नोव्हेंबर
काल एकटी पोस्टात जाऊन आले! लेम्पीने पडद्याआडून पाहिलं असणार. परतताना शेजारची मिसेस टर्व्हो भेटली. म्हणाली, "अगं बाई, तुला आजारी कोण म्हणेल!" घरी वेलदोड्याचा पाव आणि कॉफी. लेम्पी म्हणते, अशीच चालायला लागलीस तर नाताळपर्यंत तुझं लग्न लावून देईन. कुणाशी विचारलं तर म्हणाली, रेइनोशी. एक बोट आहे त्यांच्याकडे, गळकी असली म्हणून काय झालं.

१२ नोव्हेंबर
वर्ग संपल्यावर रेइनो माझ्या शेजारी बसले. त्यांचा आवाज आजाराने बारीक झालाय, कान जवळ न्यावा लागतो. मला म्हणाले, तुमची डबी अजून तुम्हाला ऐकू येते का?

म्हणजे काय, म्हटलं.

ते म्हणाले, माझी मी महिनाभरापूर्वीच बंद केली. मला खालून येतो तो ठोका पुरतो.

मग त्यांनी सांगितलं की त्यांचे वडील गिरणीत होते. दगड कुटणारे घण दिवसरात्र चालायचे, गावातली सगळी जमीन त्या ठोक्याने हलायची, पाळण्यातली पोरं त्यावर झोपायची. एकदा काठावरचा गाळ खचला आणि पाळीवरची अकरा माणसं पाण्याखाली गेली. वडीलही. प्रेतं मिळाली नाहीत. घण मात्र दुपारपर्यंत चालूच होते, कारण ते थांबवायचे कुणी?

मी सांत्वनाचं काहीतरी बोलले. त्यांनी मान हलवली. म्हणाले, धडधाकट माणसांना तो ऐकू येत नाही. त्यांच्यात आपापला ताल असतो, जागा भरलेली असते. आपल्यासारख्यांची जागा रिकामी. तिथे जो येईल तो बसतो.

लेम्पीला सांगितलं. ती म्हणाली, म्हातारा तुला घाबरवून लग्नाची टाळाटाळ करतोय. हसले.

१९ नोव्हेंबर
एक गोष्ट कोरीनला सांगायची आहे, आज विसरले.

सकाळी कपडे वाळत घालायला मागच्या अंगणात गेले, चालत परत आले, आणि पाहिलं तर डबी टेबलावर. मी लावलीच नव्हती. म्हणजे मी तालाशिवाय चालले? नाही. ताल होता. कोट काढेपर्यंत ऐकू येत होता. डबीसारखा टिक टिक नाही. खोल. संथ. कानात नाही, टाचांत.

लेम्पीला विचारलं, काही ऐकू येतंय का. तिने फ्रिज तपासला.

२६ नोव्हेंबर
आजचं आजच लिहिलं पाहिजे.

आज अकरा वाजता पोस्टात निघाले. डबी लावलेली, चालू. ब्याण्णव. कोपऱ्यावर पोचले आणि खालचा ठोका सुरू झाला. पावलं आपोआप त्यावर गेली. डबी कमरेला टिकटिकत राहिली आणि पाय तिचं ऐकेनात. मी डावीकडे वळायचं ठरवलं. पाय सरळ गेले. थांबायचं ठरवलं. पाय गेले. सहा वर्षं मी या पायांना चला म्हणून विनवलंय, आज थांबा म्हणून विनवत होते.

रस्त्यात माणसं होती. मिसेस टर्व्हो अंगण झाडत होती. मी तिला हाक मारली, म्हणजे मारायचा प्रयत्न केला. माझा आवाज आता समोर बसलेल्यालाही मुश्किलीने जातो. चेहरा तर लाकूडच. तिने झाडू उंचावला आणि ओरडली, "वा सायमा! काय चालतेस गं!" पोस्टमननेही गाडीतून अंगठा दाखवला. मी आतून किंचाळत होते आणि सगळं गाव मला शाबासकी देत होतं.

रेव लागली. मग पाणी दिसायला लागलं. काठावर लाटेने आणून टाकलेला एक ओंडका होता, त्याला पाय अडखळला आणि मी तोंडावर पडले. पडल्यावरही पाय हलत होते, रेवेत खड्डा पाडत. मग ठोका थांबला.

मिसेस टर्व्होनेच पाहिलं आणि लेम्पीला बोलावलं. लेम्पी शेजारी बसून कॉफी प्यायली नाही. मला मांडीवर घेऊन रेव पुसत राहिली. मी सगळं सांगितलं.

२८ नोव्हेंबर
डॉक्टर म्हणाले, भास आहेत. या गोळ्यांनी होतात, पुष्कळांना होतात. गोळ्या निम्म्या केल्या. कोरीन माझा हात हातात घेऊन बसली होती. ती म्हणाली, डबी काही दिवस लावूच नका. मी तिला विचारलं, तू माझ्यात जी जागा उघडलीस ती बंद कशी करायची? तिला कळलं नाही. कसं कळणार? तिने चांगलंच केलं होतं.

३ डिसेंबर
गोळ्या कमी झाल्यापासून बटण लावता येत नाही. पाठ वळत नाही. घास गिळायला वेळ लागतो. सगळं अंग दगड झालंय. पाय सोडून.

४ डिसेंबर
रेइनो गेले.

काल दुपारी दोनला, लख्ख उजेडात. त्यांची मुलगी सांगत होती ते लेम्पीने ऐकलं. जेवून उठले, दार उघडलं आणि निघाले. मुलगी मागे धावली, बाही धरली, कोट तिच्या हातात राहिला. काठावर पातळ बर्फ होतं. त्यावर चालत गेले, बर्फ फुटलं तरी चालत गेले, कमरेपर्यंत, छातीपर्यंत. तिने सांगितलं की बाबांनी एकदाही मागे पाहिलं नाही. एवढे शांत दिसत होते म्हणाली.

शांत नव्हते गं पोरी. चेहरा हलत नव्हता त्यांचा.

११ डिसेंबर
लेम्पीने दाराला वरून कडी लावलीय. माझा हात तिथे पोचत नाही.

आज ठोका दोनदा आला. सकाळी पाऊण तास. पायांनी मला भिंतीशी नेलं आणि तिथेच चालत राहिले. गुडघे भिंतीवर आपटत होते. लेम्पीने मागून मिठी मारून धरलं. शेवटी दोघी खाली पडलो. अंगठ्यांची नखं गेली दोन्ही.

लेम्पीने मला गाडीत घालून चाळीस मैल दूर नेऊन पाहिलं. ठोका तसाच. तिकडून येत नाही तो आता. माझ्यातच आहे. फक्त न्यायचं तिकडेच.

मोठ्या इस्पितळात जागा मागितलीय. बावीस जानेवारीची तारीख मिळाली. त्याआधी नाही.

२० डिसेंबर
थोडं बरं लिहायला आहे.

आज ठोका आला तेव्हा लेम्पी माझे दोन्ही हात धरून उभी होती. घाबरून तिला काही सुचेना, तेव्हा ती गायला लागली. आई भांडी घासताना म्हणायची ते जुनं वॉल्ट्झ, तीन मात्रांचं. एक दोन तीन, एक दोन तीन. पाय गोंधळले! दोनावर चालणाऱ्या पायांना तीन जमेना. डगमगले, अडले, आणि उभे राहिले. चिकटले जमिनीला. एवढं चिकटण्याचं सुख मला कधी वाटलं नव्हतं.

दहा मिनिटं ती गात होती. मग ठोका गेला. आम्ही दोघी स्वयंपाकघरात तशाच उभ्या, हातात हात, घामाने भिजलेल्या. लेम्पी म्हणाली, "हायस्कूलच्या नाचाला मला कुणी विचारलं नव्हतं. आता बघ, दिवसातून दोनदा."

२ जानेवारी
रोज चार वेळा येतो. रेकॉर्ड लावून पाहिली. पायांना ती कळत नाही. माणूस लागतं, हात लागतो. लेम्पी गाते. बाजारात जात नाही, मिसेस टर्व्हो सामान आणून देते. आंघोळ सुद्धा दार उघडं ठेवून, गात गात.

ती वाळलीय. सूप पिताना तिचा हात कापतो. माझा कापतो तसा.

९ जानेवारी
आवाज बसलाय तिचा. कुजबुज निघते फक्त. कुजबुजीत गाते. अजून पुरतंय.

तेरा दिवस.

१५ जानेवारी
आज पुरलं नाही.

दुपारी मिसेस टर्व्हो सामान ठेवायला आली, कडी काढलेली. तेवढ्यात ठोका आला. मी दाराबाहेर. लेम्पी मोज्यांवर धावत आली, माझा हात धरला, गायला लागली. घसा नुसता फुसफुसत होता. ऐकूच गेलं नाही पायांना. ती सोडेना. मी ओढत नेली तिला. मी! जिला कपही उचलता येत नाही. रेवेवरून, मग बर्फावर. मी म्हणत होते सोड, सोड, ओठ हलत नव्हते. बर्फ करकरलं. लेम्पीचा एक पाय गुडघ्यापर्यंत आत गेला आणि तरी तिने हात सोडला नाही.

पोस्टमनने पाहिलं. दोरी टाकून दोघींना ओढलं. माझे पाय हवेत चालत होते म्हणे.

१७ जानेवारी
लेम्पीला ताप. छाती वाजतेय. डॉक्टर येऊन गेले, झोपून राहा म्हणाले. ती खुर्चीत बसून राहते, माझ्या पलंगाशी. झग्याच्या पट्ट्याने तिचं मनगट माझ्या मनगटाला बांधलंय तिने. तीन गाठी. मी डोळ्यांनी नको म्हटलं. ती कुजबुजली, "आईला वचन दिलं होतं. तू गेलीस तर मीही येणार, म्हणून तू जायचं नाहीस."

कोरीनला फोन केला तिने. कोरीन बावीसपर्यंत रोज येते म्हणाली. आज रस्ता बर्फाने बंद.

१८ जानेवारी
ठोका सहा वेळा.
गाणं नाही. लेम्पी माझ्या पायांवर आडवी पडते, सगळं वजन टाकून. तिला चाळीस वेळा लाथा बसल्या. मोजल्या मी.
ती मला "चुकून लागलं, चुकून लागलं" म्हणते. जी समजूत मी तिची काढायला हवी ती तीच माझी —

रस्ता अजून बंद.

१९ जानेवारी
सकाळ. ऊन आहे.
लेम्पी झोपलीय. तीन रात्रींनी पहिल्यांदा. श्वास घरघरतोय. मनगट मनगटाला.

डावा हात बांधलेला. उजव्याने लिहितेय.

गाठ सोडायला बघतेय मघापासून. बोटं जात नाहीत. पहिली गाठ थोडी सैल — नाही.

दार लोटलेलं आहे पण वरची कडी, काल मिसेस टर्व्हो गेल्यावर — लावायची राहिलीय. मला दिसतंय इथून.

टाचांत सुरू झालंय. लांबून.

गाठ.

दातांनी पाहिलं. तोंड उघडत नाही पुरतं.

पाय खाली उतरले पलंगावरून.
लेम्पी जागी झाली. हात धरलाय माझा, दोन्ही हातांनी. गातेय. काही ऐकू येत नाही.

लेम्पी आवाज फुटत नाही म्हणून इथे लिहितेय. हे वाच. वही बघ, माझ्याकडे नको.
बर्फ दोघींना पेलणार नाही. तुला माहितेय. टेबलावर कात्री आहे. पट्टा काप. मला धरू नकोस, मी मागत नाहीये गं तुला काही, एवढंच — उभी राहिले मी. लेम्पी, कात्री. गाऊ नकोस, आधी पट्टा का